‘निदान बरोबर येतंय ना, मग एआयला कारण कशाला विचारायचं?’

वैद्यकीय एआयचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. ॲस्पिरिन नेमकं कसं काम करतं हे सत्तर वर्षं कुणाला माहीत नव्हतं, तरी डॉक्टर देतच होते. डॉक्टरांनाही प्रत्येक निर्णयाचं कारण कुठे सांगता येतं? मग एआयची अचूकता बघा आणि पुढे चला. हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो.

ॲस्पिरिनची गोष्ट खरी आहे. ते 1899 मध्ये बाजारात आलं आणि ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी त्याची क्रिया 1971 मध्ये उलगडली. पण गोळीतलं रसायन बॉस्टनमध्ये आणि बीडमध्ये एकच असतं. एआयचं तसं नाही. ज्या रुग्णालयाच्या नोंदींवर ते शिकलं, तिथल्या सवयी त्याच्यात उतरतात. 2018 मध्ये अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली गेली. फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हे तिला जवळपास अचूक कळत होतं. तंत्रज्ञ फोटोच्या कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात, तीसुद्धा त्यासाठी कामी येत होती. एका रुग्णालयाच्या फोटोंत न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे 34 टक्के होतं, दुसरीकडे जेमतेम 1 टक्का. म्हणजे फुप्फुसाकडे नीट न बघताही बरेच गुण मिळवता येत होते.

आता अचूकतेचा मुद्दा. 1990च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला दाखल करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारे संगणकी प्रोग्रॅम, बनवले गेले. सगळ्यांत अचूक ठरलं न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेलं मॉडेल), पण त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्याच नोंदींवर शिकलेल्या, नियम वाचता येणाऱ्या दुसऱ्या मॉडेलमध्ये मात्र एक विचित्र नियम सापडला: दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी! कुठलाही डॉक्टर हे वाचून दचकेल. झालं असं होतं की दम्याच्या रुग्णांना थेट आयसीयूत नेत, कसून उपचार करत, म्हणून ते जास्त वाचत. आकडे खोटे नव्हतेच. पण त्या भरवशावर दमेकऱ्याला घरी पाठवलं असतं तर तो दगावण्याची भीती होती. न्यूरल नेटवर्कही हेच शिकलं असणार, आणि आणखी काय काय शिकलंय ते कळायला मार्ग नाही, म्हणून ते रुग्णांवर वापरलंच नाही. पुढे 2015 मध्ये संगणकशास्त्रज्ञ रिच करुआना आणि सहकाऱ्यांनी वाचता येण्याजोगं मॉडेल वापरून जवळपास तितकीच अचूकता मिळवून दाखवली. त्यामुळे कारण मागितलं की अचूकता घटणारच, हेही सरसकट खरं नाही.

डॉक्टरही चुकतात, त्यांचाही अंदाज असतो. मान्य. पण त्यांना उलट प्रश्न विचारता येतो, दुसरं मत घेता येतं, आणि चुकलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. एआयच्या उत्तरावर सही डॉक्टरचीच असते. ज्याचा आधार तपासता येत नाही त्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकणं अन्यायाचं आहे.

आमचं सॉफ्टवेअर एक्स-रेवर रंगीत ठिपका उमटवतं, तेच स्पष्टीकरण, असं सांगणारेही भेटतात. ठिपका ‘कुठे’ दाखवतो, ‘का’ नाही. मॉडेलची आतली शिकवण पुसून टाकली तरी अशा काही पद्धती जवळपास तेच चित्र काढतात, हे 2018 मध्येच दाखवलं गेलंय. 2023 च्या एका अमेरिकी अभ्यासात तर पक्षपाती, म्हणजे ठरावीक रुग्णांबाबत चुकीकडे झुकणाऱ्या मॉडेलसोबत असे ठिपके दाखवूनही डॉक्टरांना चुका टाळता आल्या नाहीत. तेव्हा ठिपका मिळाला की प्रश्न संपला असं नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: कारण सांगितलं तरी ‘रुग्णाला काय कळतंय’? सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली या रुग्णाच्या प्रकरणात बजावलं की संमती घेताना उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे सांगायला हवेत. रुग्णाला गणित नकोच असतं. हे यंत्र माझ्यासारख्या माणसांवर तपासलंय का, माझी कुठली माहिती त्याने धरली आणि डॉक्टर, तुम्हाला स्वतःला ते पटलंय का, एवढं त्याला विचारता यायला हवं आणि उत्तरही मिळायला हवं.