अर्नोल्डचे आडनाव

साताऱ्यात माची पेठेतल्या आमच्या घरी कोणाही नवख्या मुलाला पाण्याच्या पेल्याआधी आजीचे दोन प्रश्न मिळत. 'आडनाव काय रं तुझं?' आणि 'आई-बाप काय करत्यात?' या दोन्हींची समाधानकारक उत्तरे दिल्याखेरीज माझा एकही मित्र कधी माजघरापर्यंत पोहोचलेला नाही. याला अपवाद एकच होता. तो रोज संध्याकाळी सरळ बैठकीच्या खोलीत येत असे. त्याला आडनाव नव्हते, आई-बाप नव्हते आणि त्याचे डोके आडव्या ठेवलेल्या नारळासारखे होते.

'हे अर्नोल्ड' ही कार्टून मालिका अमेरिकेत ७ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झाली. ती दाखवणारी निकलोडियन वाहिनी भारतात १९९९ मध्ये आली आणि आमच्या घरी तिच्याही नंतर, केबलवाल्याने शेजारच्या पत्र्यावरून तार ओढून दिल्यावर पोहोचली. त्या तारेवरून वानर गेले की अर्नोल्डच्या हिलवूड शहरात मुंग्या येत आणि वडिलांना गच्चीवर जावे लागे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मला निम्मे संवाद कळत नसत. आजीला तर एकही कळत नसे. पण गोष्ट तिला माझ्यापेक्षा जास्त समजत होती, हे मला फार उशिरा उमगले.

अर्नोल्ड हा चौथीतला मुलगा आजी-आजोबांच्या घरी राहतो आणि ते घर भाडेकरूंनी भरलेले असते. त्यातला ऑस्कर नावाचा भाडेकरू कामधंदा करत नाही आणि भाडे द्यायचे म्हटले की त्याच्या अंगावर काटा येतो. आजीने त्याला पहिल्याच आठवड्यात ओळखले. 'ह्याला आधी बाहीर काढा,' असे ती टीव्हीला सांगत असे, कारण आमच्या मागच्या खोलीतही तसाच एक नमुना राहून गेला होता. हेल्गा नावाची मुलगी चारचौघांत अर्नोल्डला टाकून बोलते आणि एकांतात त्याचा फोटो असलेले बदामाच्या आकाराचे लॉकेट छातीशी धरून कविता म्हणते. अर्नोल्डला स्वतःला ही गोष्ट कळायला काही वर्षे लागली, आजीला मात्र पोरीच्या भुवईवरून कळली. (तिला भुवई एकच आहे, पण ती पुरेशी बोलकी आहे.) फक्त त्या घरात ॲबनर नावाचे डुक्कर मोकळे फिरत असे, तेवढ्या वेळापुरती आजी तोंड फिरवून बसे आणि 'गेलं का?' असे विचारत राही.

डोक्याच्या आकाराविषयी तिचे मत ठाम होते. तान्ह्या मुलाला रोज तेल लावून, टाळू भरून, दोन्ही तळव्यांनी डोक्याला गोलाई द्यावी लागते; आमच्या घरातली सगळी डोकी तिने अशीच घडवली होती. 'आई न्हाई ना जवळ. डोकं वळवनार कोन?' असे म्हणून ती हळहळायची आणि लगेच माझ्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःचे काम तपासून घ्यायची.

मग तो डायरीचा भाग आला. अमेरिकेत तो २००२ च्या नोव्हेंबरात दाखवला गेला होता. त्यात अर्नोल्डला घरातच वडिलांची जुनी डायरी सापडते. आई-वडील, स्टेला आणि माइल्स, सॅन लोरेंझो नावाच्या काल्पनिक देशातल्या जंगलात लोकांना मदत करायला गेलेले असतात; पोर तान्हे असताना एकदा ते विमानाने पुन्हा तिकडे जातात आणि परत येत नाहीत. डायरीच्या शेवटी त्याला एक नकाशा सापडतो आणि भाग तिथेच संपतो. आजीने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, 'उद्या जाईल बघ आणायला.'

तो उद्या पंधरा वर्षांनी उजाडला. मालिकेवरचा एक चित्रपट त्याच २००२ साली चित्रपटगृहांत येऊन फारसा न चालता गेला होता. त्यामुळे आई-बापांच्या शोधाचा ठरलेला दुसरा चित्रपट बारगळला आणि २००४ मध्ये मालिकाही आटोपली. निर्माते क्रेग बार्टलेट यांच्याकडे गोष्टीचा शेवट तयार होता, पण तो सांगायला कोणी जागा देत नव्हते. या काळात मी दहावी झालो, बारावीला एकदा आपटलो, नोकरीला लागलो, लग्न झाले, मुलगा झाला आणि माझे केस मागे हटत हटत डोक्याचा आकार आजीच्या दाव्याइतका गोल नसल्याचे उघड झाले. अर्नोल्ड मात्र हातात नकाशा धरून तसाच उभा होता. अधूनमधून आजी विचारायची, 'त्या पोराचं आई-बाप घावलं का रं?' आणि मी अपराध्यासारखा नाही म्हणायचो, जणू काही तो शोध माझ्याकडे सोपवला होता.

शेवटी २४ नोव्हेंबर २०१७ रोजी 'द जंगल मूव्ही' अमेरिकेत दाखवला गेला. पुढच्या वर्षी दिवाळीला माझा आतेभाऊ तिकडून येणार होता आणि काय आणू, असे त्याने विचारले. घरातल्या इतरांनी घड्याळ, अत्तर आणि बदाम सांगितले. मी डीव्हीडी सांगितली. दोन मिनिटे फोनवर शांतता होती.

चकती आली, पण आमच्या प्लेअरने ती तोंडात घेतली, चघळली आणि बाहेर थुंकली. डीव्हीडीच्या धंद्याने जगाची वाटणी केलेली आहे. अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या, आणि एका विभागाची चकती दुसऱ्या विभागातल्या प्लेअरला चालत नाही. म्हणजे पंधरा वर्षे थांबून सॅन लोरेंझोपर्यंत पोहोचलेला मुलगा आमच्या घराच्या उंबरठ्यावर परकीय म्हणून अडवला गेला होता. माझा एक मित्र मोती चौकाजवळ लग्नाचे शूटिंग करून देतो. त्याच्याकडच्या जुन्या संगणकाला हा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, आणि पाचव्यांदा निवडलेला विभाग त्या ड्राइव्हला कायमचा चिकटतो. मित्राने त्याआधी एकदाही बदल केलेला नव्हता. पाचांपैकी दोन बदल माझ्यावर, एक जाण्याचा आणि एक येण्याचा, खर्च करताना त्याचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता. तुळशीचे लग्न झाले की त्याचा हंगाम सुरू होणार असल्याने संगणक मला भाऊबीजेच्या एकाच दिवसापुरता मिळाला. स्कूटरवर मागे बसून, तो मांडीवर धरून मी माचीचा चढ चढलो, तेव्हा दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी 'नवा घेतला का?' असे विचारले आणि मी हो म्हणालो; खरे सांगायला मला कैलासवासी व्हावे लागले असते, इतका चढ आहे.

भाऊबीजेच्या दिवशी घरात चित्रपट पाहायला बसणे हा मूर्खपणा आहे, हे बायकोने आधीच सांगून ठेवले होते. आत्या, तिची सून, माझी बहीण, मेव्हणे, मुले आणि दर पंधरा मिनिटांनी फराळाला येणारे कोणी ना कोणी. सव्वा तासाच्या आसपासचा तो चित्रपट आम्ही चार तास पाहिला. दर नव्या पाहुण्याला आजी सुरुवातीपासून कथा सांगायची आणि ती संपेपर्यंत मला चित्र थांबवून ठेवावे लागे. एकदा तर जंगलातल्या नदीत बोट उलटण्याच्या बेतात असताना माझे औक्षण झाले आणि अर्नोल्डचा मित्र जेराल्ड डोक्यावरचे उंच केस घेऊन पंचवीस मिनिटे तोंड उघडे ठेवून पडद्यावर लटकला. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने पाच मिनिटे पाहून 'ह्याच्यात गाडी उडत नाही का?' असे विचारले आणि तो फटाक्यांकडे निघून गेला.

हेल्गाचा आवाज मात्र ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. मालिका सुरू असतानाच अर्नोल्डला आवाज देणारी मुले वयात यायची, त्यांचा आवाज फुटायचा आणि नवा मुलगा आणावा लागायचा. पण हेल्गाला पहिल्यापासून आवाज देणाऱ्या फ्रान्सेस्का मेरी स्मिथ याही वेळी होत्या. आजी म्हणाली, 'पोरगी तीच हाय. पोरगं बदलल्यालं दिसतंय.'

आई-बाप सापडले तेव्हा ते झोपलेले होते. त्या जंगलात झोपेची साथ आलेली असते आणि ते दोघे नऊ वर्षे तसेच पडलेले असतात. 'नऊ वर्सं?' आजी म्हणाली, 'कुंभकर्नाला बी सहा म्हैनं पुरायचं.' औषध सगळीकडे पसरवणाऱ्या यंत्रात जे सोन्याचे काळीज बसवायचे असते ते हरवते, आणि त्याच्या जागी हेल्गाचे बदामी लॉकेट चपखल बसते. आई-बाप डोळे उघडतात. आजीने पदर वर घेतला, आत्याने घेतला आणि गोष्टीचे डोके-शेपूट माहीत नसलेल्या मेव्हण्यांनीही रुमाल काढला. मग हेल्गा आणि अर्नोल्ड यांनी एकमेकांचे चुंबन घेतले आणि खोलीतल्या सर्व वडीलधाऱ्यांना एकाच वेळी चकलीतले तीळ मोजावेसे वाटले.

संपल्यावर मी आजीजवळ जाऊन बसलो. शहाऐंशी वर्षांची आजी, पायावर शाल, समोर न खाल्लेला अनारसा. तिला मी सांगितले की आई-बापांचा प्रश्न सुटला, आणि दुसराही सुटला आहे. या चित्रपटात अर्नोल्डचे आडनाव एकदाचे उघड झाले. गंमत म्हणजे ते पहिल्यापासून आपल्या कानांवर पडत होते. त्याचे आजोबा त्याला 'शॉर्टमॅन' अशी हाक मारत, आणि आपल्याला वाटे की लाडाने बुटक्या म्हणत आहेत. तेच आडनाव. शॉर्टमन.

आजीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बंद पडद्याकडे पाहिले.

'बुटके व्हय?' ती म्हणाली. 'म्हंजी मूळचं कुठल्या गावचं?'