उन्हाळी सायकल सहल : नवाच्या आत सावलीला लागा

एप्रिल लागला की नागपुरातल्या सायकल गटांमध्ये सुट्टीच्या सहलींचे बेत शिजू लागतात आणि पाठोपाठ घरोघरी "एवढ्या उन्हात मरायला जाता का?" हा प्रश्नही सुरू होतो. माझ्या मते उन्हाळ्यात दहा-बारा जणांनी मिळून सायकलवर गावोगाव हिंडण्यात वेडेपणा काहीच नाही. वेडेपणा आहे तो हिवाळ्याचे वेळापत्रक जसेच्या तसे मे महिन्यात वापरण्यात.

मागे एका सहलीत आयोजकांनी हेच केले. पाहुण्यांचे भाषण, पोहे, झेंडा दाखवणे, छायाचित्रे हे सगळे उरकून आम्ही निघालो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. कन्हानच्या पुलाशी पोचेस्तोवर डांबरातून वाफा येत होत्या, मनसरच्या अलीकडे दोघांना चक्कर आली आणि ज्या गाडीत त्यांना बसवायचे ती सामान घेऊन कधीच पुढे गेली होती. सोबतची गाडी नेहमी शेवटच्या स्वाराच्या मागे हवी आणि गटाचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याने ठरवायला हवा, एवढी साधी गोष्ट पैसे घेऊन सहली काढणाऱ्यांना सांगावी लागते.

आपल्याकडचे ऊन कोरडे आहे आणि तीच त्याची लबाडी आहे. पायडल मारताना शरीर खर्च करते त्या शक्तीचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो आणि बाकीची उष्णता घामावाटेच बाहेर पडते. विदर्भातल्या वाऱ्यात हा घाम अंगावर टिकतच नाही. सदरा कोरडाच राहतो, फक्त पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि "मला घामच येत नाही" म्हणणारा गडी प्रत्यक्षात आतून सुकत असतो. अशा वेळी नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले मीठ आणखी पातळ होते, म्हणून मीठ घातलेले ताक, गुळाचे पन्हे किंवा लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हेच खरे पेय. खिशात कांदा ठेवण्याला माझी हरकत नाही, पण तो भाकरीसोबत पोटात गेलेला अधिक बरा.

आकड्यांची फुशारकीही आवरायला हवी. नागपूरच्या नावावर २३ मे २०१३ चा ४७.९ अंशांचा उच्चांक आहे. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा कित्येकांनी अभिमानाने ते पसरवले, आणि मग हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचे सांगितले. मुळात अधिकृत तापमान सावलीतले असते. भर उन्हात डांबरावर वाकून बसलेल्या माणसाला त्याहून बरेच जास्त सोसावे लागते.

मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. दिवे लावून पावणेपाचला निघाले, शक्य तेवढा महामार्ग सोडून नगरधनच्या बाजूने आत शिरले, तर रामटेकचे पन्नासेक किलोमीटर रमतगमतही नवाच्या आत होतात. या आतल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे हमखास भेटतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवावे, कारण वर दिसणारा काटा उपटला तरी मोडलेले टोक रबरात रुतून राहते आणि दहा मिनिटांत नवी ट्यूबही पंक्चर होते.

नऊनंतर काय करायचे, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि माझ्या लेखी सहल तिथेच सुरू होते. गावाचे घड्याळ मुळातच असे चालते. तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबे पहाटेच जंगलात जातात आणि ऊन चढण्याआधी परततात, मग दुपारभर ओसरीवर बसून पुडे बांधतात. त्यांच्याजवळ टेकून बसले, रांजणातले गार पाणी प्यायले आणि "कायले आले बाप्पा एवढ्या तपनात?" याचे नीट उत्तर देता आले, की पुढचे दोन तास कसे जातात कळत नाही. गाडीने येणाऱ्याला हे मिळत नाही, कारण त्याला थांबण्याची गरजच पडत नाही. उन्हे कलल्यावर खिंडसीच्या तलावापर्यंत फेरी, आणि दुसऱ्या पहाटे पेंचकडे. २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेले क्षेत्र, ठरलेल्या त्या जंगलात उन्हाळ्याच्या निरभ्र रात्री आकाश पाहावे, मात्र निजावे लवकर.

यंदा जो आयोजक आपल्या पत्रकात किलोमीटरच्या आकड्याआधी दुपारी कुठे थांबणार हे लिहील, त्याच्याकडे मी पैसे भरणार आहे. तशी सहल कुणाच्या पाहण्यात असेल तर खाली जरूर कळवावे.