हेल्मेटलाच लागलाय ना!

आज सकाळी घोडबंदर रोडच्या एका नेट्समध्ये अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या कानामागे सीझन बॉल बसला. सरांनी साइडआर्मने, म्हणजे बॉल जोरात फेकायच्या लांब दांड्याने टाकलेला. पोरगं गुडघ्यावर आलं. सर तिकडूनच ओरडले, "हेल्मेटलाच लागलाय ना! चल, उभा राहा." आणि ते राहिलंही उभं. बाबा जाळीबाहेर चहाचा कप धरून, धाकटा भाऊ किटबॅगवर बसलेला. कोणी चकार शब्द काढला नाही.

सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. लांबणार आहे.

अहो सर, हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदूला बसायचा तो हिसका बसतोच. या हिसक्याने मेंदूला होणारी इजा म्हणजे कन्कशन, आणि त्यात बाहेर टेंगूळसुद्धा दिसेलच असं नाही. त्यामुळे आधी नेट थांबवायचं आणि विचारायचं: कुठल्या ग्राउंडवर आहेस? आत्ता बॉलिंग कोण करत होतं? याच्या आधीचा बॉल कुठे मारलास? उत्तर देताना गडबडला, किंवा डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सहन होत नाही म्हणाला, की त्या दिवसाचा खेळ संपला. नुसती शंका आली तरी संपला. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. सोसायटीच्या ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

आणि "आत्ता तर बरा आहे" हे तर बोलूच नका. २०१९ ला लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा बॉल ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या मानेवर बसला. तो थोड्या वेळाने परत येऊन ९२ पर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला आणि त्याच्या जागी लाबुशेनला उतरवावं लागलं. तिथे तर डॉक्टर हजर होते. आपल्या नेट्सवर काय असतं? बर्फाची पिशवी, तीही शेजारच्या रसवंतीवाल्याकडून.

बेसबॉल बघणाऱ्यांना माहीत आहे, पिचरचा, म्हणजे टाकणाऱ्याचा, बॉल बॅटरला लागला की खेळ तिथेच थांबतो आणि बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. स्वतःहून अंग पुढे केलं तर नाही, पण एरवी टाकणाऱ्याच्या टीमला किंमत मोजावी लागते. आपल्याकडे फार तर एक लेगबाय. अर्थात तेही काही संत नाहीत. त्यांचा रे चॅपमन हा खेळाडू १९२० मध्ये डोक्याला बॉल लागून दुसऱ्या दिवशी गेला, आणि हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७१ उजाडलं. आणि आपले कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर, डोक्याला बॉल लागून ज्यांची टेस्ट कारकीर्द संपली, त्यांच्याबद्दल तर मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हो, बाउन्सर खेळायला शिकवायलाच पाहिजे. मान्य. पण शिकवणं म्हणजे सोळा यार्डांवरून साइडआर्मने आखूड टाकणं नव्हे. आधी टेनिस बॉल, तोही हळू. हात खाली, नजर शेवटपर्यंत बॉलवर, मग मान मागे घेऊन बॉल सोडायचा. आज त्या पोराने काय केलं? डोळे मिटले आणि तोंड फिरवलं. बेसबॉलमध्ये मुद्दाम तसं शिकवतात, हनुवटी छातीला आणि पाठ बॉलकडे. पण क्रिकेटमध्ये तोंड फिरवलं की कानामागचा उघडा भाग बॉलसमोर येतो. ऑस्ट्रेलियाच्या फिल ह्यूजला २०१४ मध्ये तिथेच लागला, डाव्या कानाखाली, हेल्मेट संपतं तिथे, आणि त्यातच तो गेला. मानेमागे अडकवायचे गार्ड त्यानंतरच आले. या पोराच्या हेल्मेटला गार्ड नव्हता. बॉल दोन बोटं वर बसला म्हणून निभावलं.

आणि ते हेल्मेटही किती मोठं! पळताना डोळ्यांवर येत होतं. "दोन वर्षं पुरेल" म्हणून घेतलेलं, दुसरं काय. हेल्मेट भुवयांच्या जरा वर घट्ट बसायला हवं, पट्टा लावून मान हलवली तरी हलता कामा नये. वरची कड आणि ग्रिल यांच्यातून बॉल आत जातो का, ते दुकानातच बघा, आणि पोरगं ज्या बॉलने खेळतं तोच बॉल घेऊन जा, कारण लहान मुलांचा बॉल लहान असतो. नीट दिसावं म्हणून ग्रिलचे स्क्रू ढिले करून फट वाढवणारे महाभागही आहेत. आत बीएस ७९२८:२०१३ (क्रिकेट हेल्मेटचं ब्रिटिश सुरक्षा मानक) असं लेबल आहे का पाहा. महाग असतात, माहीत आहे. बॅटला मात्र आपण कुरकुर न करता पैसे मोजतो.

इतकं टाइप केल्यावर सरांवरचा राग थोडा उतरलाय. पंचविशीचेच असतील. त्यांनाही कोणीतरी असंच "चल, उभा राहा" म्हणून वाढवलं असणार. म्हणून काय झालं, चूक ती चूकच.

त्या पोराच्या बाबांपर्यंत हे पोचलं तर: दादा, दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, शाळेत पीटीला पाठवू नका. आणि ते हेल्मेट आता बाद. तडा दिसत नसला तरी आतला फोम दबलेला असतो. धाकट्याला होईल म्हणून माळ्यावर ठेवू नका.