मोराची मान

मुलं मोठी झाल्यावर आईने क्लास लावून स्वतःसाठी एखादी कला हाती घ्यावी, असं एका लेखात वाचलं. कलेचं म्हणणं मनापासून पटलं. मात्र त्यासाठी क्लासच लावायला हवा असं मला वाटत नाही. आमच्या सिंधुदुर्गात चतुर्थीआधी गणपतीमागची भिंत रंगवतात. आमच्याकडे ते काम बाबा करायचे. गेल्या वर्षी त्यांचा खांदा धरला म्हणून आईने ब्रश उचलला. वेलबुट्टी झाली, मग मोर. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "थांब गो, मानेचा बाक जमाक नाय अजून." इतकी वर्षं सगळ्यांना वाढून मग बसणारी बाई ही!

नंतर तिला पिंगुळीला नेलं. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ते हे गाव. त्या चित्रांतले मोठाले डोळे ती कितीतरी वेळ न्याहाळत होती. आता जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतानाही काठाला काठ कसा लावायचा, यावर तिचं स्वतःचं मत असतं आणि ती ते ठणकावून सांगते.

घरच्यांनी कौतुकाबरोबर संध्याकाळचा भातही लावावा. आमच्याकडे आता बाबा लावतात, छान मोकळा होतो.