'बी 125' म्हणजे सव्वाशे किलो नव्हे

गेटसमोरच्या गटारावर 'बी 125' शिक्क्याची जाळी बसवू नका, ती 125 किलोच पेलते, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. आकडा किलोन्यूटनचा आहे; एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार. चाचणीत जाळीवर साधारण साडेबारा टनांचा भार दिलेला असतो. मोटारींना ती पुरते. भरलेला पाण्याचा टँकर आत येत असेल, तर मात्र 'सी 250' किंवा त्यावरची घ्या.

जाळ्या मोडतात त्या बहुधा बसवण्यातल्या घिसाडघाईमुळे. चॅनल, म्हणजे जाळी जिच्यावर बसते ती गटाराची तयार पन्हळ, नुसत्या वाळूवर ठेवू नका; खाली आणि दोन्ही बाजूंना काँक्रीट हवंच. जाळी फरशीपेक्षा तीनेक मिलिमीटर खाली. काँक्रीट ओतताना ती जागेवरच असू द्या. आमच्या गवंड्याने काढून ठेवली, चॅनलच्या भिंती आत दबल्या आणि मग ग्राइंडरने कडा घासत बसावं लागलं.