स्वस्तातला स्क्रोल सॉ वाया जात नाही

सुतारकामाची हौस असलेल्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: १५-२० हजारांच्या घरातला स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पातं वरखाली हलवून नक्षी कापणारं टेबलावरचं करवत-यंत्र, घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मोटर मरतुकडी, मशीन थरथरतं, पाती तुटतात, कापणी सरळ येत नाही. तेच काम जिगसॉ (हातात धरून चालवायची विजेची करवत) करतो, नाजूक काही हवं तर लेझरवाल्याकडून कापून आणा, आणि घ्यायचाच असेल तर पैसे साठवून परदेशी भारी मशीन घ्या. हे ऐकून कितीतरी लोक सुरुवातच करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मोटर. स्वस्तातल्या १६ इंची (पात्यापासून मागे एवढी मोकळी जागा असलेल्या) मशीनवर ९० ते १२५ वॅट असा आकडा असतो आणि तो बघूनच लोक नाक मुरडतात. पण या मोटरीला काम किती आहे ते बघा. पात्याचा नंबर वाढेल तसं ते जाड होत जातं, आणि ५ नंबरचं पातं जेमतेम १ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असतं. त्याला वरखाली हलवायला ताकद लागतेच किती? डिवॉल्ट या अमेरिकन कंपनीचा नावाजलेला स्क्रोल सॉ, डीडब्ल्यू ७८८, घ्या. १२० व्होल्टवर तो १.३ अँपियर घेतो, म्हणजे दीडशे वॅटच्या आसपास. त्याचा वेग मिनिटाला ४०० ते १,७५० फेऱ्या, तर स्वस्त मशीनचा बहुधा ५५० ते १,६००. भारी मशीन भारी ठरतं ते वेगळ्या कारणांनी, मोटरीमुळे नाही. पातं लाकडात अडकून मोटर थांबत असेल तर लाकूड जोरात ढकललं जातंय किंवा पात्याची धार गेली आहे.

थरथरण्याची तक्रार खरी आहे. स्वस्त मशीनमध्ये दोन लांब भुजा मागच्या खिळीवर वरखाली झुलतात, आणि हे सगळं वजन मिनिटाला हजारभर वेळा दिशा बदलतं. महागड्या मशीनमध्ये लांब भुजा जवळजवळ स्थिर राहते आणि फक्त पुढचे छोटे तुकडे हलतात. फरक आहेच, आणि त्याचेच पैसे जास्त लागतात. पण बहुतेक तक्रारी येतात त्या मशीन डायनिंग टेबलावर नुसतं ठेवून चालवणाऱ्यांकडून. बुडाला चार भोकं दिलेली असतात ती बोल्टसाठीच. १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर एकत्र चिकटवून त्यावर मशीन आवळा, तो पाट जड टेबलाला पक्का करा, मध्ये रबराची पट्टी घाला. शिवाय एखाद्या ठरावीक वेगालाच सगळं टेबल गदगदतं. रेग्युलेटर थोडा इकडेतिकडे फिरवला की ते शमतं.

आता पाती तुटण्याचा आणि वाकडं कापलं जाण्याचा मुद्दा. इथे जरा थांबायला हवं, कारण दोष पात्याचा असतो आणि शिव्या मशीनला बसतात.

मशीनसोबत खोक्यात येणारं पातं बहुधा जाड, भरड दात्यांचं असतं. ते बाजूला ठेवा. साधी, टोकाला पिन नसलेली ५ इंची पाती डझनावर मिळतात आणि मापाने सगळीकडे सारखीच असतात. त्यातलं चांगलं पातं स्वस्त मशीनलाही लागतं आणि पाचपट किमतीच्या मशीनलाही. ३ मिलिमीटर प्लायला २/० (हे १ नंबरहूनही बारीक) किंवा १ नंबर, ६ मिलिमीटरला ३, १८ मिलिमीटर सागवानाला ५ किंवा ७, एवढं धरून चाललं तरी निम्म्या तक्रारी मिटतात. सागवानात सिलिका असते, म्हणून तिथे धार लवकर जाते. प्लायमधला गोंदही पात्याला खातो. धार गेली की आपण नकळत जोर लावतो आणि पातं तुटतं. नक्षीच्या कागदावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावली तर लाकूड करपणं बरंच कमी होतं. ताण ओळखायला पातं बोटाने छेडून बघा. स्वच्छ, उंच सूर आला पाहिजे. भदभद आवाज आला तर ते सैल आहे आणि वळणावर पोटात फुगणार.

सरळ न कापण्याचं कारण तर पात्याच्या जन्मातच आहे. दाते पाडताना एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे बहुतेक पाती थोडी एका अंगाला, बहुधा उजवीकडे, ओढतात. महागड्या मशीनवरही ओढतात. लाकूड काही अंश तिरकं धरून पुढे सारायचं, थोड्या सरावाने हाताला ते कळतं. आणि कड काटकोनात येत नसेल तर मशीनच्या टेबलाखालच्या (ज्यावर लाकूड ठेवतो त्या) छापील पट्टीवर विसंबू नका. जाड ठोकळ्यात समोरून किंचित खाच पाडा, मग ठोकळा फिरवून ती खाच पात्याच्या पाठीला लावून बघा. पातं वरपासून खालपर्यंत अलगद खाचेत बसलं तर टेबल बरोबर आहे. नाहीतर छोटा गुण्या लावून टेबल सरळ करा.

जिगसॉ तेच काम करतो, हे ज्याने दाराची नेमप्लेट करून पाहिली आहे तो म्हणणार नाही. जिगसॉचं पातं पाच-सात मिलिमीटर रुंद, वरच्या बाजूला छिलके उडवणारं, आणि ते एका टोकालाच धरलेलं. तीन इंची अक्षरातल्या ‘व’चं किंवा ‘ब’चं पोट त्याने कसं कोरणार? स्क्रोल सॉवर पोटात १ मिलिमीटरचं भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, आवळायचं आणि आतला तुकडा काढायचा. देवनागरीला तर हे यंत्र फार मानवतं. शिरोरेषा सगळी अक्षरं धरून ठेवते, त्यामुळे आख्खं नाव एकसंध निघतं. अनुस्वार तेवढा वेगळा चिकटवावा लागतो.

लेझरवाल्याचा पर्याय वाईट नाही. पन्नास सारख्या पणत्या हव्या असतील तर जरूर जा. पण कडा काळ्या येतात, प्लायमध्ये गाठ किंवा गोंदाचा गोळा लागला की तिथे न कापलेलं राहतं, आणि गल्लीतल्या लेझरला १८ मिलिमीटर सागवान झेपत नाही. जडावकाम तर बाजूलाच राहिलं. सागवान आणि शिसव यांच्या ६ मिलिमीटर फळ्या एकावर एक तात्पुरत्या चिकटवायच्या, टेबल तीन-चार अंश कलवायचं आणि दोन्ही एकदम कापायच्या. पात्याने खाल्लेली जागा त्या तिरकसपणामुळे भरून निघते आणि एका लाकडाचं पान दुसऱ्यात फट न ठेवता बसतं. हे २० हजारांच्या आतल्या मशीनवर होतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखराला प्लायची जाळी हवी असते, तीही.

परदेशी मशीनबद्दल थोडंच. अमेरिकेतून भाचा येताना आणेल असा बेत अनेक घरांत शिजतो. डीडब्ल्यू ७८८ चं वजन २५ किलोच्या आसपास आहे आणि विमानात एका बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते. तो १२० व्होल्टचा, म्हणजे इथे ट्रान्सफॉर्मर आला. स्विच बिघडला तर सुटा भाग पुन्हा तिथूनच.

सल्ला देणाऱ्यांचं एका बाबतीत मात्र मी पूर्ण ऐकतो. फक्त पिनवाली पाती घेणारं मशीन घेऊ नका, ते कितीही स्वस्त असो. पिन आत जायला बरंच मोठं भोक लागतं आणि तिथे जाळीकाम संपतं. बिनपिनेचं पातं धरणारी पकड आहे का, ती अॅलन कीशिवाय (षटकोनी किल्लीशिवाय) सुटते का, हे पैसे देण्याआधी हाताने करून बघा, कारण जाळीत शंभर भोकं असली तर पातं शंभरदा सोडायचं असतं. पकड आणि स्विच सुटे मिळतात का तेही विचारा. खोक्यावर ५० मिलिमीटर जाडी कापतो असं लिहिलेलं असतं, ते मऊ लाकडापुरतं समजा. सागवानात २० ते २५ मिलिमीटरपर्यंत काम सुखाने होतं. आणि तुम्हाला कपाटं, शेल्फं, फर्निचरच करायचं असेल, तर याच पैशात चांगला जिगसॉ आणि दोन शिकंजे घ्या.