एमा बोव्हारीला वासनेनं नाही, कर्जाच्या हुंडीनं मारलं

‘कादंबऱ्या वाचून डोकं फिरलं, परपुरुषांच्या नादी लागली, शेवटी विष खाऊन मेली.’ फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीचा हा सारांश सध्या हातोहात फिरतोय. खाली ‘पापाचं फळ’ आणि ‘कोर्टानंसुद्धा अश्लील ठरवली’ अशी पुस्तीही असते. लिहिणाऱ्यानं शेवटचा भाग वाचलेला दिसत नाही.

विष खाल्लं, खरं. पण कधी? पहिला प्रियकर रोदोल्फ टाकून जातो तेव्हा एमा अंथरूण धरते, पण जगते. दुसरा प्रियकर लेओं, त्याचा तर तिलाच कंटाळा येतो. ती मरते घरावर जप्ती आल्यावर. गावातला कापडवाला लेरो पडदे, गालिचा, जे मागेल ते उधारीवर देतो. मग हुंडीवर, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याच्या लेखी वचनावर सही, ती थकली की दुसरी हुंडी. नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यायची युक्तीही त्याचीच. अखेर हुकूम येतो: चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरा. नोटरीकडे मदत मागायला गेली, तर तो अंगचटीला येतो. रोदोल्फकडे ३,००० मागते. तो म्हणतो, नाहीत.

कादंबऱ्या ती वाचायची, हे कबूल. मठातल्या शाळेत त्या चोरून आणायची कोण, तर बुडालेल्या सरदार घराण्यातली, कपडे रफू करायला येणारी एक म्हातारी! एमाला हवं होतं ते त्या म्हातारीनं गमावलेलं जग. व्होबियेसारच्या उमरावाच्या वाड्यातला नाच आठवा, जिथं एमा पाहुणी म्हणून जाते. हवा यावी म्हणून नोकर खिडकीच्या दोन काचा फोडतो, आणि बाहेरून आत टक लावून बघणारे शेतकऱ्यांचे चेहरे तिला दिसतात. लगेच बापाची शेतवाडी आठवते, दुधावरची साय बोटानं काढणारी ती स्वतः आठवते. काचेच्या आत ती आहे, पण एका रात्रीपुरती. ही तहान नुसती शरीराची म्हणायची?

‘कोर्टानंसुद्धा अश्लील ठरवली’ हे तर सपशेल खोटं. सरकारी वकील पिनारनं खटला चालवला, पण ७ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्लोबेर निर्दोष सुटला. (त्याच वर्षी पिनारनंच कवी बोदलेरला मात्र दंड करवला. गोंधळ तिथून झाला असेल.)

राहिलं पापाचं फळ. लेरोचा धंदा तेजीत चालतो. बढाईखोर औषधवाला ओमे, ज्याच्या दुकानातलं आर्सेनिक एमा खाते, त्याला सन्मानपदक मिळतं. एमाचा नवरा शार्ल मेल्यावर सगळं विकून हाती उरतात पावणेतेरा फ्रँक. ते पोरीला आजीकडे पोचवण्यात जातात. आजीही त्याच वर्षी मरते, आणि गरीब मावशी त्या लहानग्या बेर्तला सूतगिरणीत कामाला धाडते.